इनास मास्तरांची थरथर

“मास्तर, खरं सांगा. दोघांपैकी तुमचा आवाज कुणाकडे आहे?”

हेरंबने विचारलं आणि तो भिंतीला टेकून बसला. उत्तर आपल्याच बाजूचं येणार याची खात्री असलेला माणूस बसतो, तसा.

इनास मास्तर ओटीवरच्या लाकडी बाकावर बसून समोरचा पसारा पाहत होते.

पसारा मोठा होता. हेरंब गुप्ते आणि लॉईड मच्याडो, दोघेही मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये गिटार वाजवणारे. दोघेही आता चाळिशीपुढचे. त्या सकाळी ते वसईजवळच्या मास्तरांच्या गावी आपापली गाडी भरून आले होते. घरापर्यंत गाडी येत नाही. बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, कडेने, केळींच्या मधून पायवाट येते. त्या वाटेने दोघांनी काळ्या पेट्या वाहून आणल्या आणि ओटीच्या लाद्यांवर मांडल्या.

मास्तरांची सून एडना दारातून म्हणाली होती, “वाजवायला आलात की दुकान मांडायला?”

हसले दोघेही. पण पेट्या मांडताना दोघेही एकमेकांच्या पेट्यांकडे बघत होते.

लॉईडच्या पेट्या जुन्या होत्या. कोपरे झिजलेले, पट्टे बदललेले. ते गिटार-सिंथेसायझर होते. गिटारची तार छेडायची आणि आवाज निघायचा बासरीचा, सनईचा, नाहीतर व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्याचा. जगभरातून शोधून शोधून त्याने ते जमवले होते.

हेरंबच्या पेट्या नव्या. त्यांना काचेचे पडदे होते आणि पायाने दाबायची चपटी बटणं. जुन्या काळचे व्हॉल्व्हवाले अ‍ॅम्प्लिफायर, जे आता शोधूनही मिळत नाहीत, त्यांचे आवाज त्याने त्या पेट्यांमध्ये हुबेहूब उतरवून ठेवले होते. बटण दाबलं की एक अ‍ॅम्प, पुन्हा दाबलं की दुसरा.

“ही बघ,” लॉईड एका पेटीवरून हात फिरवत म्हणाला होता. “पहिल्या खेपेतली. हिच्यासारखी सनई अजून कुणाला काढता आलेली नाही.”

“काढते. पण विचार करून काढते. तार छेडायची आणि आवाज येईपर्यंत चहा पिऊन यायचं.”

“तो उशीर नाही, श्वास आहे. सनईवाला फुंकण्याआधी श्वास घेतोच ना?”

“लेका, यंत्राला कसला श्वास!”

“आणि तुझ्याकडे काय आहे? अ‍ॅम्प नाहीत. अ‍ॅम्पचे फोटो आहेत.”

“फोटो बरे. उचलून पाठ धरत नाही.”

बोलणं थट्टेचं होतं. पण कुणीही हसत नव्हतं.

याच ओटीवर दोघे गिटार शिकले होते. तेव्हा दोघांत मिळून एकच गिटार होती आणि आज कोण घरी नेणार यावरून भांडण व्हायचं. पुढे दोघांचीही नावं झाली, कामं वाढली. भेटी कमी झाल्या. भेटले की बोलणं यंत्रांचंच. तुझ्याकडे ते आलं का? माझ्याकडे आलं. तुझं कुठलं? माझं त्याच्या पुढचं.

आता मात्र कारण तेवढंच नव्हतं.

एका दिवंगत संगीतकाराच्या नावाने मुंबईत मोठा कार्यक्रम ठरला होता. त्यांची जुनी गाणी, जुन्या पद्धतीचा भरगच्च वाद्यवृंद. त्या वाद्यवृंदात एके काळी गिटारवर इनास तुस्कानो असत. आता त्यांची बोटं आखडली होती, कप उचलतानासुद्धा दोन्ही हात लागत. मग त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार? संयोजकांनी सांगितलं होतं, मास्तर म्हणतील तो.

आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याला एक तुकडा वाजवावा लागणार होता.

तो तुकडा सगळ्यांच्या कानात होता. एका गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी, सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी गिटार उरते. लांब ओढलेले थोडेच सूर. आणि प्रत्येक सुराला एक बारीक थरथर. ती थरथर ऐकून माणसं हातातलं काम थांबवत. वादकांनी तिला नावच देऊन टाकलं होतं, इनासची थरथर. कित्येकांनी तिची नक्कल केली. हेरंबने आणि लॉईडने ती आपापल्या यंत्रात उतरवली होती. दोघांनीही त्या आवाजाला एकच नाव दिलं होतं. मास्तर.

एडनाने चहा आणला. हेरंबपुढे कप ठेवताना म्हणाली, “आई नाही आल्या बरोबर? मागे म्हणाल्या होत्या, मोगरा फुलला की येते.”

हेरंबने कप हातात घेतला.

“आई गेली, वहिनी. होळीच्या आसपास.”

एडना तशीच उभी राहिली.

“कळवलं नाहीस?” मास्तर म्हणाले.

“राहिलंच, मास्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ होता. लगेच पुढची दोन कामं होती. सगळी वेळेवर केली. कुणाला कळलंसुद्धा नाही.”

हे शेवटचं वाक्य त्याने काहीशा अभिमानानेच म्हटलं. धंद्यात असं म्हणायची पद्धत आहे.

“तुला?” मास्तरांनी विचारलं.

“काय मला?”

“तुला कळलं?”

हेरंबला प्रश्न समजला नाही. तो लॉईडकडे बघून हसला. लॉईड हसला नाही. हेरंबच्या आईने त्यालाही याच ओटीवर डब्यातलं भरवलं होतं.

“मला ठाऊक नव्हतं,” लॉईड म्हणाला.

“तू फोन कुठे करतोस?”

“तू तरी?”

…

चहा संपला. मास्तर म्हणाले, “वाजवा.”

आधी लॉईडने वाजवलं. एक जुनी पेटी निवडली, लहानशा स्पीकरला जोडली आणि तो तुकडा सुरू केला. मागच्या दाराशी कळ्या निवडत बसलेली एडना हात थांबवून ऐकू लागली. ओटीखाली कोंबड्या फिरत होत्या. तेवढाच काय तो दुसरा आवाज.

मग हेरंबने वाजवलं.

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. दोघांचं वाजवून झालं तरी ते मिटलेलेच होते. मग उघडून ते म्हणाले,

“तोच आहे.”

“कुणाचा, मास्तर?”

“दोघांचाही. मला दाराआड उभं केलं असतं, तर मी म्हटलं असतं, इनास वाजवतोय.”

दोघांच्याही चेहऱ्यावर क्षणभर आनंद आला आणि लगेच मावळला. दोघांचाही म्हणजे कुणाचाच नाही.

“फरक आहे, मास्तर,” हेरंब पुढे सरकला. “नीट ऐका. लॉईडची थरथर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी आहे. तुमची तशी नाही. मी जुनं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घालून तपासलंय. एकेक सूर वेगळा काढून. तुमची थरथर सुरुवातीला विरळ आहे. पुढे पुढे दाट होत जाते. शेवटच्या सुराला तर ती अशी काही होते की…” त्याने काचेच्या पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ नागमोडी होती आणि उजवीकडे जाताना तिची वळणं जवळ जवळ येत होती. “ही बघा. हे तुमचं. हे जसंच्या तसं मी इथे आणलंय. हे दुसऱ्या कुणाकडे नाही.”

मास्तर त्या रेघेकडे बघत राहिले.

“हे माझं?”

“हो. तुमच्या हाताचं.”

मास्तरांनी वाकून पडद्याला बोट लावलं. आखडलेल्या बोटाने रेघेवरून सावकाश, डावीकडून उजवीकडे गेले. शेवटच्या वळणांपाशी थांबले.

“मला एकच सांगा, मास्तर,” हेरंब म्हणाला. “शेवटी दाट करायचं, हे तुम्हाला सुचलं कसं? आधीच ठरवलं होतं की वाजवताना?”

“ठरवलं नव्हतं.”

“मग?”

…

मास्तरांनी बोट पडद्यावरून उचललं. एडना उठून आत आली आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

“पास्कूला तुम्ही पाहिलं नाही,” मास्तर म्हणाले.

दोघांनी नाही अशी मान हलवली. नाव ऐकलेलं होतं. मास्तरांचा धाकटा भाऊ. “लहानपणीच वारला ना तो?” लॉईडने विचारलं.

“लहानपणी नाही. चांगला वाढलेला होता. दुसरी गिटार तो धरायचा. मी सूर वाजवायचा, त्याने खालून ताल सांभाळायचा. सगळीकडे बरोबर जायचो. रेकॉर्डिंगला दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी.”

“तो…”

“खाडीत होडी उलटली. भरतीची वेळ होती.”

कोंबड्या ओटीखालून निघून वाडीत गेल्या. मास्तर सावकाश बोलत होते. सांगायचं नसलेलं सांगतात, तसं नाही. कुणी विचारलंच नव्हतं म्हणून राहून गेलेलं सांगतात, तसं.

“आमच्याकडे पुरताना पेटी दोरांवर खाली सोडतात. चार माणसं, चार टोकं. माझ्या शेजारचं टोक आमच्या मामाकडे होतं. तो ऐनवेळी मटकन खाली बसला. त्याचं टोक मी घेतलं. पावसाचे दिवस होते. खड्ड्याला पाणी लागलं होतं.”

ते थांबले.

“पेटी टेकेना.”

लॉईडने मान खाली घातली. तो त्याच भागातला होता. त्याला पुढचं सांगायला नको होतं. हेरंब मात्र बघत राहिला.

“पाण्यावर तरंगत होती. दोर सोडले असते तर एका अंगाला कलंडली असती. लोक घमेल्याने पाणी काढत होते. फादर थांबून राहिले. तोवर आम्ही दोर धरून उभे. दोन टोकं माझ्या हातात. आधीच पाण्यात गेलेला माणूस. त्याला पुन्हा पाण्यात कसा सोडायचा?”

…

“दुपारी त्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं.”

“त्याच दिवशी?” हेरंबने विचारलं.

“त्याच दिवशी. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. कुणी बोललं नसतं. पण घरी बसून काय करणार होतो? माणसं येत होती, रडत होती. मी गिटार उचलली आणि स्टेशनवर गेलो. स्टुडिओत कुणाला सांगितलं नाही. पास्कू कुठे म्हणून विचारलं, तर म्हटलं, आज नाही आला.”

“मग ती थरथर…” हेरंबचा आवाज खाली आला होता. “ते दुःख होतं.”

“नाही.”

मास्तरांनी आपले दोन्ही हात उचलून समोर धरले.

“हात थकला होता रे. दोर धरून धरून हातात जोर राहिला नव्हता. तार दाबून धरली की बोट हलायचं. पहिल्या एकदोन सुरांना कसंबसं धरलं. पुढे धरवेना. शेवटी तर अजिबातच धरवेना.” पडद्यावरच्या रेघेकडे त्यांनी मान केली. “तेच ते. तू बरोबर मोजलंयस.”

हेरंबने पडद्याकडे पाहिलं नाही.

“गाणं संपल्यावर संगीतकार काचेपलीकडून बाहेर आले. डोळे पुसत होते. म्हणाले, इनास, आज तू जीव ओतलास. मी म्हटलं, आणखी एकदा घेऊ या का? म्हणाले, वेडा आहेस? हेच राहणार. सगळे टाळ्या वाजवत होते. मी काय बोलणार?”

“तुम्हाला पुन्हा घ्यायचं होतं?” लॉईडने विचारलं.

“पास्कूला थरथर आवडायची नाही. म्हणायचा, सूर सरळ जाऊ दे. हलवायचं ते खालून मी हलवतो. त्या दिवशी एकदा त्याच्यासाठी सरळ वाजवावं, एवढंच डोक्यात होतं. तेवढंच झालं नाही.”

एडनाने पदराने तोंड पुसलं. तिनेही हे पूर्वी ऐकलं नव्हतं.

“मग पुढे जिथे जाईन तिथे तीच मागू लागले. इनास, ती थरथर हवी. पण आठवडाभरात हात बरा झाला होता. सूर सरळ जायला लागला होता. मग बसलो घरी आणि शिकलो.”

“काय शिकलात?”

“थरथरायला. बोट मुद्दाम कसं हलवायचं ते. तेव्हा तुमच्यासारखी पेटी नव्हती. हातानेच करावं लागायचं.” मास्तर थोडं हसले. ते हसू कुणालाच पाहवलं नाही. “जन्मभर केलं. तुम्हालाही तेच शिकवलं. याच ओटीवर.”

कितीतरी दुपारी हेरंबने इथे बसून ते बोट हलवलं होतं. जमत नाही म्हणून तो एकदा रडलाही होता. लॉईडला आधी जमलं, म्हणून.

…

हेरंबने हात पुढे केला. पेटी बंद करण्यासाठी. इतक्या अभिमानाने दाखवलेली ती रेघ आता त्याला डोळ्यांसमोर नको झाली होती.

“थांब,” मास्तर म्हणाले. “बंद नको करू.”

“मास्तर, मला माहीत नव्हतं. मी ते असं मोजायला नको होतं.”

“मोजलंस ते बरं केलंस. मला सांग, ती थरथर कमी करता येते?”

हेरंबला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“येते.”

“कुठवर?”

“पूर्ण. शून्यावर नेता येते.”

“आणि बाकीचा आवाज? तो तसाच राहतो?”

“तसाच राहतो.”

“माझाच?”

“तुमचाच, मास्तर.”

“मग ने.”

हेरंबने नॉब फिरवला. पडद्यावरची नागमोडी रेघ हळूहळू सपाट होत गेली. शेवटी नुसती आडवी रेघ राहिली. त्याने गिटार मांडीवर ओढली.

“आणि लॉईड, तू दुसरी धर.”

लॉईड गोंधळला. “त्या गाण्यात दुसरी गिटार नाहीच, मास्तर.”

“नाही. त्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती.”

लॉईडने गिटारची वायर जुन्या पेटीतून उपटून काढली आणि सरळ त्या छोट्या स्पीकरला लावली. बासरी नाही, सनई नाही, व्हायोलिनं नाहीत. नुसती गिटार.

“काय वाजवू?”

मास्तरांनी मांडीवर हात आपटून ताल धरला. आखडलेल्या बोटांचा तो हात नीट पडत नव्हता, पण ताल चुकत नव्हता. “असं. आणि इथे… इथे थांबायचं. तो इथे काही वाजवायचा नाही. मला पुढे जाऊ द्यायचा.”

“पुन्हा दाखवा.”

मास्तरांनी पुन्हा दाखवलं. लॉईडने ते तारांवर घेतलं. एकदा चुकला. दुसऱ्यांदा बसलं.

हेरंबने पहिला सूर लावला.

सूर सरळ गेला. इतका सरळ की हेरंबच दचकला. इतकी वर्षं थरथर अंगावर घेऊन वाजवलेला तो सूर आता उघडा झाला होता. त्याला लपायला जागा नव्हती. बोट जरा मागे पडलं तर ऐकू येणार, जोर जरा कमी झाला तर ऐकू येणार. तो जपून वाजवत राहिला. खालून लॉईडचा ताल येत होता, आणि जिथे थांबायचं तिथे थांबत होता.

तुकडा संपला.

मास्तरांचे डोळे या वेळी उघडे होते. ते वाडीकडे बघत होते.

“असं,” ते म्हणाले.

आणि मग, “असं म्हणायचा तो.”

एडनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पप्पा, पाणी देऊ?”

त्यांनी मान हलवली. नको. “पुन्हा वाजवा.”

दोघांनी पुन्हा सुरू केलं. आता हेरंबला जपायला लागत नव्हतं. तो बेताने, सहज वाजवत होता. तुकड्याच्या मध्यावर आला, आणि लांब ओढायच्या सुराशी त्याचं बोट हललं.

त्याने झटकन पेटीकडे पाहिलं. नॉब शून्यावर होता.

त्याने बोट घट्ट दाबलं. सूर आणखीच हलला. त्याला आईचं काही आठवलं, असं नव्हतं. तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला, असंही नव्हतं. नुसतं बोट हलत होतं. मग मनगट हलायला लागलं. होळीपासून कामाच्या मागे कामं लावून जो हात त्याने एकदाही रिकामा ठेवला नव्हता, तोच हात कोपरापर्यंत थरथरत होता, आणि ते त्याला थांबवता येत नव्हतं.

त्याने तारांवरून हात काढला.

“माफ करा, मास्तर. हात… हलला.”

लॉईड वाजवत राहिला. त्याने हेरंबकडे पाहिलं नाही. खालचा ताल तसाच चालू ठेवला, आणि थांबायची जागा आली तेव्हा थांबला. ती जागा रिकामीच गेली. मग त्याने पुढे सुरू केलं. पुन्हा जागा आली, पुन्हा थांबला. हेरंब कपाळाला हात लावून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. ओटीवर कुणी त्याला उगी केलं नाही, कुणी काही विचारलं नाही. फक्त ताल चालू होता, जणू हेरंब केव्हाही आला तरी त्याला जागा असावी.

बऱ्याच वेळाने लॉईडने ताल थांबवला.

“खुर्चीवर तू बस,” तो म्हणाला.

हेरंबने वर पाहिलं.

“कार्यक्रमात. सूर तू वाजव. मी दुसरी धरतो.”

“लॉईड, दुसरी गिटार त्या गाण्यात…”

“आता आहे.” लॉईड मास्तरांकडे वळला. “चालेल ना, मास्तर?”

मास्तरांनी मांडीवर मघाचाच ताल पुन्हा एकदा धरला. लॉईड उठला आणि आपल्या जुन्या पेट्यांचे पट्टे आवळायला लागला. घाईने नाही. एकेक पेटी पुसून, नीट. ज्या पेटीची सनई त्याला सगळ्यांत प्रिय होती, ती त्याने सर्वांत शेवटी बंद केली.

“आईला कुठे नेलं होतं?” पट्टा ओढता ओढता त्याने विचारलं.

“ठाण्याला. सगळं भावाने केलं.”

“मला नेशील का, तुमच्या घरी? एकदा बसून येऊ.”

“ये.” हेरंब म्हणाला. मग म्हणाला, “आजच ये.”

एडनाने आतून कळ्यांची परडी आणली. केळीच्या पानात मोगऱ्याच्या थोड्या कळ्या बांधून तिने ती पुडी हेरंबच्या पेटीवर ठेवली. काय, कशासाठी, ती काही बोलली नाही.

उन्हं ओटीवर चढली होती. मास्तर उठायच्या बेतात होते, त्यांची जेवणाची वेळ झाली होती. हेरंब अजून पेटीपुढेच बसून होता. पडद्यावर ती आडवी, सपाट रेघ तशीच होती.

“मास्तर.”

“हं?”

“एक विचारायचं राहिलं.”

मास्तर बाकाचा आधार धरून उभे राहिले.

“लोक ते गाणं त्या थरथरीसाठीच ऐकायला येणार. सगळ्यांच्या कानात ती बसलेली आहे. सरळ वाजवलं तर म्हणतील, हे ते नव्हे. म्हणजे ती परत लावावीच लागणार.” त्याचा हात नॉबवर होता, पण तो फिरवत नव्हता. “तुमची इथे साठवलेली आहे, तेवढीच्या तेवढी येईल. पण आता ती तशी लावायला हात धजत नाही… किती ठेवू, मास्तर?”

मास्तर दारापर्यंत गेले होते. चौकटीला धरून ते वळले. हेरंबच्या पेटीकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याच्या हाताकडे पाहिलं.

“तुझी असेल तेवढी.”